रंगवलेला गंज

गेल्या सोमवारी सकाळी कुरवंड्याच्या बंगल्यातले साहेब आपली जुनी मोटार पुन्हा लोणावळ्यातल्या पेंटरकडे घेऊन आले. तिच्यावर पेंटरने पावसाळ्याआधी खोटा गंज रंगवला होता. माझी स्कूटर तिथेच रंगायला असल्याने मी हजर होतो.

पेंटर तीस वर्षं गाड्यांचा गंज काढतो. हल्ली हौशी लोक गाडी मुरलेली दिसावी म्हणून त्याच्याकडून धडधाकट पत्र्यावर गंज चित्रासारखा काढून घेतात. तो नाही म्हणत नाही, फक्त जागेवरून हुज्जत घालतो. "टपाला कुटं गंज धरतो, सायेब? पानी साचतं तितंच धरतो." गाडी बघून कोणी हळहळलं, की तो न विचारता सांगतो, "आतून पत्रा कोरा हाय. माझ्या रंगाखाली गंज धरत न्हाई."

साहेबांनी दाराच्या खालच्या कडेला बोट लावलं. "मिस्त्री, सगळ्यात भारी हा डाग. अगदी खरा वाटतो!"

पेंटर उकिडवा बसला. त्याने डाग नखाने खरवडला. तांबडी भुकटी खाली पडली.

"तेवढा माझा न्हाई, सायेब. त्यो खराच हाय."

"मग राहू द्या की! आयता आलाय."

"तुमाला चालंल. मला न्हाई चालायचा."

त्याने गाडी ठेवून घेतली. डाग पत्र्यापर्यंत घासला, पुन्हा गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईड मारलं आणि त्याच जागी तेवढाच गंज रंगवला. बुधवारी दुपारी साहेब गाडी घेऊन गेले.