सतरंजीवरची बैठक

आमच्या सोसायटीच्या बैठकीत अंथरतात ती सतरंजी तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेली आहे. सेक्रेटरींनी ती दिवाळीच्या विक्रीतून हौसेनं आणली. "कितीही आपटा, वीण सुटत नाही," असं ते कौतुकानं सांगतात. काल तिच्यावरच मांडी घालून सगळ्यांनी ठरवलं, की शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला वॉचमन म्हणून ठेवायचं नाही. कामासाठी आलेला तो बिचारा दाराबाहेर चपला काढून उभाच होता.

कोर्टानं दिलेली शिक्षा त्यानं पुरी केली. आता ही वरची शिक्षा देणारे आपण कोण? कैद्याच्या हातची वीण चालते, मग ते हात का चालत नाहीत?

मी उठले आणि उघड्या फरशीवर जाऊन बसले.

"ताई, गार लागेल," सेक्रेटरी म्हणाले.

"लागू दे. आधी त्याला आत बोलवा, मग बसते तुमच्या सतरंजीवर."