डेकवरची दोन मिनिटं

मी शेख रशीद, लीडिंग एअरमन, रिटायर्ड. राहणार लोहा. माझी ड्यूटी विमानवाहू जहाजाच्या डेकवर होती. लोक विचारतात, "चाचा, तुम्ही विमान उडवायचात?" न्हाई. मी विमान ढकलायचो. उतरणारं विमान शेपटीच्या हुकानं डेकवरची आडवी तार पकडून थांबतं; ते तारेतून सोडवायचं, बाजूला घ्यायचं, मागच्याला जागा करून द्यायची. या कामाला हँडलर म्हणतात. लोह्यात अब्बांचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळं चाक, जॅक, पाना यातलं काही मला नवीन नव्हतं.

दुकानातली एक सवय मात्र मी नेव्हीत घेऊन गेलो. गिऱ्हाईक पंक्चर घेऊन आलं की अब्बा म्हणायचे, "बसा, दोन मिनिटं." काम दहा मिनिटांचं असो की अर्ध्या तासाचं, सांगायचं दोनच. नाहीतर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं. माझ्याही तोंडात तेच बसलं होतं.

जहाजावर मराठवाड्याचे आम्ही दोघंच. दुसरे लेफ्टनंट दिनकर मोरगे, फायटर पायलट, मुरुडचे. समुद्राकाठचं न्हाई, आमच्याकडचं कोरडं मुरुड. ते ऑफिसर, मी खलाशी. पण विमानात चढताना ते मला आपल्या बोलीत विचारायचे, "काय लोहेकर, चाकात हवा हाय का?" मी म्हणायचो, "हाव साहेब, एकदम टाईट." लढाईच्या आदल्या वर्षी वादळात बिघडलेलं विमान त्यांनी डेकवर सुखरूप उतरवलं, त्याबद्दल नौसेना मेडल मिळालं. मी मुबारकबाद दिली तर हसले. "मुरुडात पोहायला पाणी कुठं हाय रे? समुद्रात पडलो असतो तर गेलोच असतो. म्हणून आणलं परत."

लढाईचा चौथा दिवस. सकाळी नऊला तीन विमानं उडाली. टार्गेट शत्रूचं बंदर. लीडर मोरगे साहेब. एक तासानं तिन्ही परत दिसली. आम्ही बोटांवर मोजली, तीन. जीव भांड्यात पडला.

दहा वाजून चौदा मिनिटांनी पहिलं विमान उतरलं. तार पकडली आणि पुढच्या चाकाचा पाय मोडला. नाक डेकवर आपटलं. तार त्या मोडक्या पायाला गुंडाळली गेली. लाल दिवा लागला. डेक बंद.

वर दोन विमानं राहिली. साहेबांच्या टाकीला गोळी लागलेली, इंधन गळत होतं. दुसऱ्यात सब-लेफ्टनंट नायर. लीडरचं विमान हळू आलं म्हणून तेही सोबत हळू आले, आणि त्यांचीही टाकी तळाला गेली.

मी जॅक घेऊन विमानाखाली शिरलो. फ्लाईट डेक ऑफिसर वरून ओरडले, "लीडिंग! किती वेळ?"

"दोन मिनिटं, सर!"

"शुअर?"

"शुअर, सर!"

त्यांनी फोनवर टॉवरला कळवलं, तिथून पायलटांशी रेडिओवर बोलतात. टू मिनिट्स. बघितलं न्हाई, मोजलं न्हाई, तोंडातून निघून गेलं. हे मी आजही कबूल करतो.

डेकवर तेल सांडलं होतं. जॅक एकदा घसरला. पुन्हा लावला. तार निघेना. पहारीनं रेटली, हाताची सालटी निघाली. ऑफिसर दर अर्ध्या मिनिटाला विचारत होते, "झालं?" मी म्हणत होतो, "होतंय सर, होतंय." शेवटी विमान ट्रॉलीवर चढवून बाजूला काढलं. घड्याळात दहा एकोणीस. पाच मिनिटं लागली होती.

हिरवा दिवा लागला. साहेबांचं इंधन आधी संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी नायर साहेबांना पुढं घातलं. नायर पोरगेले होते, पहिलीच लढाई. ते उतरले, आम्ही त्यांना तारेतून सोडवलं, मी मान वर केली. साहेबांचं विमान जहाजाच्या मागं, सरळ रेषेत येऊन राहिलं होतं. चाकं खाली, हुक खाली. आवाज मात्र नव्हता. इंजिन बंद पडलं होतं. एवढ्या खालून सीट उडवून बाहेर पडलं तरी पॅराशूटची छत्री उघडत नाही. विमान डाव्या अंगाला पाण्यात गेलं. हेलिकॉप्टर मिनिटभरात पोहोचलं. पाण्यावर तेल होतं, दुसरं काही सापडलं नाही.

संध्याकाळी नायर साहेब मला शोधत हँगरमध्ये आले. डोळे सुजलेले. टॉवरनं दोघांना विचारलं होतं, म्हणाले. वर चढून जहाजाजवळ इजेक्ट करता, की थांबता? चढण्यापुरतं इंधन तेव्हा होतं. "लीडरनं विचारलं, डेकवर कोण आहे? टॉवर म्हणालं, रशीद. लीडर म्हणाले, लोहेकर दोन म्हणतो ना, मग थांबतो."

त्यांनी ते माझी इज्जत म्हणून सांगितलं. मी पाच म्हणालो असतो तर दोघंही छत्रीनं उतरले असते. विमानं बुडाली असती, माणसं हेलिकॉप्टरनं उचलून आणली असती.

मोरगे साहेबांना वीरचक्र मिळालं, मरणोत्तर. त्यांच्या आईनं दिल्लीला जाऊन घेतलं. साथीदाराला आधी उतरवून स्वतःचा जीव दिला, असं साइटेशनमध्ये, म्हणजे पदकासोबतच्या मानपत्रात लिहिलंय. खरं आहे, शब्दन्‌शब्द. पाच मिनिटांचा विषय त्यात नाही. मलाही कमेंडेशन, म्हणजे शाबासकीचं पत्र मिळालं, कमी वेळात डेक मोकळा केल्याबद्दल! तो कागद ट्रंकेच्या तळाशी आहे. घरात कुणाला दाखवला नाही.

तेव्हापासून बस स्टँडवर कुणी "दोन मिनिटांत सुटते" म्हणालं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "बिचाऱ्यावर कशाला खेकसता?" तिला कारण माहीत नाही.

दरवर्षी त्या तारखेला मी मुरुडला जातो. शाळेत फोटोला हार घालतात, साइटेशन वाचतात. साहेबांची बहीण शांताक्का आधी घरी चहा पाजते. यंदा तिनं ऐंशी ओलांडली. म्हणाली, "रशीद, औंदा तू बोल. तू एकटाच उरलास त्याला जहाजावर बघितलेला."

मला राहवलं नाही. तिथंच ओसरीवर सगळं सांगितलं. जॅक, तार, दोन मिनिटं, पाच मिनिटं. लोहेकर म्हणतो ना, तेही.

तिनं कपबशी खाली ठेवली.

"आई विचारून विचारून गेली," ती म्हणाली. "थांबला कशाला, उडी का न्हाई मारली? कुणी सांगंना."

"मी सांगायला पायजे होतं, अक्का."

"पायजे होतं."

"भ्यालो. तुमचा हा उंबरा बंद होईल म्हणून भ्यालो."

ती रडली. मीही रडलो, लपवलं नाही. मग पदरानं तोंड पुसून ती काठीवर उठली. "तू त्याला मारलं न्हाईस. पर आईला फसवलंस. माझ्याच्यानं माफी निघंना, रशीद. चल, पोरं खोळंबली असतील."

दारात ती थांबली. "आज तिथं हे सांगशील?"

"सांगतो."

"सगळं? किती वेळ लागंल?"

मी मनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा मोजलं.

"पाच मिनिटं, अक्का."

शाळेच्या मैदानात मी सावधानमध्ये उभा राहिलो. आधी नाव घेतलं. लेफ्टनंट दिनकर मोरगे, वीरचक्र, नौसेना मेडल, राहणार मुरुड. शांताक्का पहिल्या रांगेत बसली होती. मी घड्याळ बघितलं आणि बोलायला लागलो.