दर पाचव्या भाकरीला

आमचे घरमालक दिनानाथभाऊ यांना 'नाही' म्हणता येत नाही. एवढा एक दोष सोडला तर माणूस सोन्यासारखा. घणसोली गावात त्यांच्या वरच्या खोलीत आम्ही सहा वर्षं भाड्यानं राहतो, पण नळ गळतो म्हणून मी कधी बाहेरचा प्लंबर बोलावलेला नाही. भाऊ तुर्भ्याच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला फिटर आहेत. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बेरिंग गेलंय." गल्लीतले मिक्सर, पाण्याच्या मोटरी, सगळ्यांचं ते असं ऐकून घेतात. माणसांचंही तसंच. कुणी काही सांगितलं की मान हलवतात आणि म्हणतात, "हां, करतो."

आता त्यांची आई. राजाबाई धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पुढचे विधी हिच्या गाण्यावर चालतात. त्या गाण्याला धवला म्हणतात. आम्ही साताऱ्याकडचे, मला हे इथं येऊन कळलं. चाळीस वर्षं ही बाई गावोगावची लग्नं लावतेय. मला मात्र ती आजवर 'वरची' म्हणायची. "वरचीला सांगा पानी भरून घे." सहा वर्षं मी वरची.

यंदा भाऊंच्या मुलीचं, वैष्णवीचं लग्न ठरलं आणि घोळ झाला. त्याच दिवसासाठी राजाबाईनं पलीकडच्या गावातल्या एका घराचा विडा घेतला होता, नातीची तारीख निघायच्या आधीच. विडा घेतला म्हणजे शब्द दिला. म्हातारी म्हणाली, "शब्द मोडला तं गला कशाला ठेवायचा?" आणि वैष्णवी म्हणाली, "आजीचा धवला नसेल तर मी हळद लावून घेणार नाही." दोघी एकाच मापाच्या. मध्ये भाऊ. दोघींनाही म्हणाले, "हां, करतो."

काय करणार, तर आजीचा आवाज भरून ठेवणार आणि हळदीला डीजेच्या भोंग्यांवर वाजवणार. फोनवर भरून पाहिला, तर मोठ्या भोंग्यातून आजी पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखी वाटली. मग वैष्णवीच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप आला, एक माइक आला, माइकची वायर खोचायची छोटी पेटी आली आणि घरच्या घरी गाणी भरायचं सॉफ्टवेअर आलं. शनिवारी संध्याकाळी सहाला आजीला न्यायला रिक्षा येणार होती. म्हणजे हातात सोमवार ते शनिवार.

खोली घुमते म्हणून भिंतींना गोधड्या लावल्या. गोधड्या माझ्या. मे महिना, पंखा बंद, चहूबाजूंनी गोधड्या आणि मध्ये नऊवारीतली राजाबाई. मी म्हटलं, भाऊ, आवाज भरताय की आंबे पिकवताय? पण सोमवारी पहिल्याच फटक्यात वीस मिनिटांचा अख्खा धवला भरला गेला. सगळे खूश. लावून ऐकला, तर नवरीला हळद लागतेय आणि मागून घर्रर्र. माझा मिक्सर. शेंगदाण्याची चटणी करत होते, मला काय स्वप्न पडलं होतं?

तेवढ्यावरून जे झालं ते झालं. मंगळवारपासून यंत्राला काहीही झालं की घरातले सगळे छताकडे बघायचे.

मंगळवारी भाऊंची थोरली बहीण विमलबाई कोपरखैरण्याहून राहायला आली. नवरीची आत्या. तिनं आल्या आल्या लॅपटॉपच्या पडद्यावर सगळ्यात वर काय लिहिलंय ते वाचलं. फाइलीचं नाव होतं 'वैष्णवी हळद'. ती म्हणाली, "आत्याचं नाव कुठं हाय?"

आता इथल्या लग्नपत्रिका तुम्ही पाहिल्या नसतील तर सांगते. पत्रिकेत नवरा-नवरी शोधावी लागतात. बाकी सगळी नावं. काका, मामा, आत्या, भाचे, पुतणे, परवा बारसं झालेलं पोरगंसुद्धा 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणत असतं. एक नाव राहिलं की तो माणूस मांडवात येतो, पण जेवत नाही. म्हणून भाऊ म्हणाले, "हां, घालतो." आत्याचं नाव घातलं. मग आत्याच्या यजमानांचं. मग भाऊंच्या बायकोनं, सुनयनानं विचारलं, माझ्या माहेरच्यांनी काय घोडं मारलंय? तिचे तीन भाऊ आले. वारलेले आजोबा आले, त्यांच्यामागे 'कैलासवासी' आलं. वर देवीचं नाव आलं, कारण देवीशिवाय सुरुवात कशी करायची. आणि भाऊ पडले शिस्तीचे. फाइल ज्या फोल्डरमध्ये ठेवली त्यालाही त्यांनी तेच अख्खं नाव दिलं.

मंगळवारी संध्याकाळी म्हातारी गायला बसली. मी वर भाकऱ्या थापत होते. निम्मा धवला झाला आणि खालून सुनयनाचा आवाज आला, "गेला."

पडदा पांढरा झाला, मग सॉफ्टवेअरच नाहीसं झालं. जेवढं भरलं होतं तेही फाटक्या आवाजाचं. परत बसवलं, परत गेलं. भाऊ म्हणाले, "आये, पहिला अर्धा वेगळा भरू, दुसरा वेगळा, मी जोडून घेतो."

राजाबाई म्हणाली, "धवला मधनं जोडाचा नसतं. लगीन काय अर्ध्यातून लागतं?"

झालं. म्हणजे दर वेळी पहिल्यापासून.

भाऊंनी कंपनीतल्यासारखं ब्रेकडाउन रजिस्टर घातलं. किती वाजता बंद पडलं, काय संशय, काय उपाय. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा धर्म. बुधवारी त्यांनी सेटिंगमधला बफर नावाचा आकडा वाढवला. बंद. कमी केला. बंद, शिवाय आजी तडतडायला लागली. पेटीची वायर दुसऱ्या भोकात घातली, तिला चालवणारा ड्रायव्हर काढून नवा टाकला, आवाज देवळात घुमल्यासारखा करणारा एक छोटा प्रोग्रॅम होता तो उडवला. बंद, बंद, बंद. लॅपटॉप तापतो म्हणून तो तांब्याच्या घंगाळावर पालथा ठेवायला निघाले होते, तेवढं मी हाणून पाडलं. स्क्रूड्रायव्हर टेकवून कानही लावला. म्हणाले, "पंखा ठणठणीत आहे." मी म्हटलं, मग पंख्यालाच गायला बसवा.

गुरुवारी विमलबाईनं निदान केलं की नजर लागली. मीठ-मोहरी घेऊन लॅपटॉपवरून उतरवली. उतरवताना मूठ सुटली आणि चार मोहऱ्या बटणांत गेल्या. त्या दिवसापासून स्पेसचं बटण दाबलं की कुर्रकन वाजतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

नजरही उतरली नाही म्हटल्यावर सगळ्यांनी पुन्हा छताकडे पाहिलं. विमलबाई वर आली आणि मला म्हणाली, "तुझ्या थापन्यानं आमचं छत हालतं, मशीन घाबरतं. भाकऱ्या लाटता नाय येत काय?"

लाटता. मला. माझ्या सासूनं हे ऐकलं असतं तर ती गावाकडून चालत आली असती. माझा नवरा आणि त्याचे दोन भाऊ बाजारात दिवसभर पोती उचलतात, त्यांना काय लाटलेल्या भाकऱ्या घालू? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही रीत आहे. मी शेगडी उचलली आणि मागच्या गॅलरीत मांडली, रागानं. आणि ठरवलं, हिशेबच ठेवते. माझ्या थापण्यानं बंद पडतंय ना, मग कितव्या भाकरीला पडतंय ते बघूच.

शुक्रवारी खाली धवला सुरू झाला, वर मी पहिली भाकरी टाकली. एक, दोन, तीन, चार. पाचवी तव्यावरून निखाऱ्यावर घेतली आणि खालून "गेला." दुसऱ्यांदा बसले. पाचवी. तिसऱ्यांदा मी मुद्दाम थापलीच नाही, नुसता हात हवेत हलवत गॅलरीत उभी राहिले, तेवढाच वेळ घेत. समोरच्या टॉवरमधली एक बाई माझ्याकडे बघत होती, बघू दे. पाचव्या हवेतल्या भाकरीला पुन्हा "गेला."

मी पिठाच्या हातांनी खाली गेले. म्हटलं, "भाऊ, तुमचं यंत्र दर पाचव्या भाकरीला बंद पडतं. थापली तरी आणि नाही थापली तरी. माझ्या एका भाकरीला दोन मिनिटं लागतात. दहा मिनिटांनी काय होतं तुमच्या या डबड्यात, ते बघा आधी."

भाऊंनी रजिस्टर उघडलं. बंद पडल्याची वेळ सगळीकडे लिहिली होती. सुरू केल्याची कुठंच नाही. कंपनीतली मशीनं चोवीस तास चालतात, त्यामुळे सुरू झाल्याच्या वेळेला रजिस्टरात रकानाच नसतो. आणि ह्या शहाण्या माणसानं घरी तेच रकाने आखले होते. ते कपाळाला हात लावून खाली बसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी दुपारी त्यांना सापडलं. सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी आपलं आपण एक जादा प्रत काढून ठेवतं, लाइट गेली तर असावी म्हणून. त्या प्रतीला फाइलीचंच नाव देतं आणि पुढं तारीख-वेळ जोडतं. आणि कॉम्प्युटरमध्ये नावाच्या लांबीला हद्द असते. आमचं नाव, फोल्डरसकट, अगदी हद्दीवर येऊन थांबलेलं. तारीख जोडली की ओलांडायचं आणि यंत्र मान टाकायचं.

सुनयना म्हणाली, "मग ती जादा प्रत बंदच करा ना."

"सेफ्टी काढून मशीन चालवायची नसते," भाऊ म्हणाले. "आमच्याकडे एकाचं बोट गेलं तसं. नाव कमी करावं लागेल."

कुणाचं? हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण खोलीत तो आला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. विमलबाई म्हणाली, सुनयनाचे भाऊ तीन आहेत, एक ठेवा. सुनयना म्हणाली, आत्याच्या यजमानांनी आजवर काय केलंय ते सांगा. विमलबाईनं आपली पिशवी उचलली. सुनयनानं पदर कमरेला खोचला. वैष्णवी मधे रडायला लागली की आजी आता निघेल, मला हळदच नको. भाऊ एकदा हिला "हां" म्हणायचे, एकदा तिला "हां" म्हणायचे. मला त्या माणसाची दया आली आणि संतापही आला.

तेव्हा गोधड्यांतून राजाबाई म्हणाली, "अगो बायांनो, नावा मी घेतंय ना गान्यान, सगल्यांची. आत्याचा, मामांचा, तुमच्या मेलेल्या बापाचा पन. मशिनीला परत कशाला सांगता?"

खरंच होतं. धवल्यात घरातलं एक माणूस सुटत नाही. चार दिवस आम्ही तेच ऐकत होतो आणि कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

दिनानाथभाऊंनी मान वर केली. म्हणाले, "विमलताई, पिशवी ठेव. कुणाचंच नाव राहणार नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी 'नाही' ऐकलं. त्यांनी ती अख्खी यादी पुसली, देवीसकट. मग रिकाम्या जागेत एकच शब्द लिहिला.

म्हातारीला वाचता येत नाही. तिनं मला विचारलं, "काय लिवलं गो त्यानं?"

मी वाचलं. "राजाबाई."

"माझा नाव कशाला?"

भाऊ म्हणाले, "गाण्यात सगळे आहेत. तूच तेवढी नाहीस, आये."

चाळीस वर्षं शेकड्यांनी लग्नं लावली तिनं. पत्रिकेवर बँडवाल्याचं नाव असतं, डीजेचं असतं, मांडववाल्याचं फोन नंबरसकट असतं. धवलारणीचं मी तरी कधी पाहिलं नाही. म्हातारीनं नऊवारीचा काठ सारखा केला, पाणी प्यायली आणि सुरू झाली.

साडेपाच झाले होते. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. भाकऱ्या नव्हत्या म्हणून मी दर दोन मिनिटांना एक बोट मोजत होते. चार. साडेचार. पाचव्या बोटाला विमलबाईनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. पडद्यावर खाली कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं, आणि आवाजाची रेघ पुढं चालत राहिली. सहावं बोट. सातवं. दहाव्या बोटापर्यंत म्हातारी गात होती आणि भाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाक ओढलं तर आवाज भरला जाईल, म्हणून ते तसंच वाहू देत होते.

रविवारी हळदीला डीजेवाल्यानं ते लावलं. दोन पुरुष उंचीच्या भोंग्यांतून राजाबाई निघाली आणि अख्ख्या गल्लीत पोचली. वैष्णवीनं हळद लावून घेतली, हसत आणि रडत. विमलबाईचं नाव आलं तेव्हा तिनं चहूकडे बघून घेतलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. धवला संपला. डीजेवाला बटणाकडे हात नेतोय तोच भोंग्यातून पुन्हा म्हातारी बोलली. बंद करायला भाऊ विसरले होते.

"झाला? नीट बघ रं दिना. आनि त्या सत्यभामेला सांग, थाप म्हनावं आता भाकऱ्या. तिच्यामुलं झाला."

सगळा मांडव हसला. मी पण हसले, पण मला पदर तोंडाला लावावा लागला. सहा वर्षं मला वाटत होतं, म्हातारीला माझं नावच ठाऊक नाही.

भाऊ नंतर ते शेवटचं वाक्य कापायला बसले होते. मी त्यांना सांगितलं, कापून तर बघा, मिक्सर लावते.