डावीकडे बोटभर खाली

जयवंताचे केस हा तांडापेठेतल्या बायांना फुकटात मिळालेला विषय होता. काळे होते, मऊ होते, पण पातळ. वेणी मानेपाशी अंगठ्याएवढी असायची आणि पाठीवरून उतरता उतरता संपूनच जायची. खाली उरायचे चार चुकार केस आणि त्यांना बांधलेली सुताची गाठ. शेजारणी तिला उंदराची शेपटी म्हणायच्या. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल अशा बेताने. त्यांच्या स्वतःच्या अंबाड्यात किती गंगावनं होती हे मी सांगत बसत नाही.

जयवंता मात्र हौशी होती. माक्याचं तेल झालं, जास्वंदीचा पाला झाला, शिकेकाईत संत्र्याची वाळलेली सालं कुटून घालून झाली. वेणी एकदा कमरेला टेकावी एवढंच तिला हवं होतं. त्यामुळे शेंड्यांना कात्री लावू द्यायची नाही, हा तिचा हट्ट. वर्षभर जीव टाकून वीतभर वाढवायचे आणि ते कापून टाकायचे, हे तिच्या डोक्यात शिरतच नसे.

नवरा बाबनराव मागावर लुगडी विणायचा. घराच्या पुढच्या खोलीत पाय खड्ड्यात सोडून विणायचा खड्डामाग होता, आणि मागच्या सोप्यात जयवंता रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. दोन्ही हात सुतात अडकलेले, पाठ मोकळी. ती पाठ म्हणजे तिच्या लेकीची, उत्तराची, हक्काची जागा. शाळेतून आली की पाटी फेकायची आणि मायची वेणी सोडून पुन्हा घालत बसायची. वय वर्षं सात, दुसरीत होती. वेणी वाकडी व्हायची, एक पेड जाड, दुसरा बारीक, पण जयवंता ती तशीच दिवसभर मिरवायची.

अडुसष्ट सालच्या तान्ह्या पोळ्याची गोष्ट. रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीची मिरवणूक निघायची होती आणि पोरीने नवा फ्रॉक घातला होता. जयवंताने न्हाऊन केस पाठीवर सोडले होते आणि मिरवणूक यायच्या आत दोन कांड्या उरकाव्यात म्हणून रहाटाशी बसली होती. मागून कच्‌ असा आवाज आला. मग पुन्हा एकदा.

तिने वळून पाहिलं. उत्तराच्या उजव्या हातात बापाची सूत कापायची मोठी कात्री होती, आणि डाव्या हातात दोन बोटं लांबीची केसांची बट.

"माय, शेंडे कापले म्हंजे केस दाट होतेत," पोरगी म्हणाली. "पाहजो तू, कमरेले टेकतीन!"

जयवंताने तिच्या थोबाडीत दिली. पाचही बोटं उठली. वर म्हणाली, "आता बस घरातच. मारबत पाहाले जायाचं नाई."

पोरगी रडली नाही. दाराच्या उंबऱ्याशी गाल धरून बसली. रस्त्याने ढोल वाजत गेला, पोरं 'ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत' असं ओरडत गेली, आणि ती बसल्या जागेवरून मान लांब करून बघत राहिली. जयवंताने बट उचलून परसात फेकून दिली.

चौथ्या दिवशी उत्तराला ताप भरला. बाबनरावाने सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, बाटली लावली, पण ताप मेंदूवर गेला होता. नवव्या दिवशी पोरगी गेली.

सासू भागीरथा त्या दुःखात एकदाच बोलली, पण बोलली ती जन्माची. "सारं गाव ईडा-पीडा हाकलाले गेलं, अन् आपल्या पोरीले तू घरात बसोलं," असं म्हणाली. म्हातारी वाईट नव्हती. तिचंही काळीज फाटलं होतं आणि फाटलेलं काळीज कुठेही बोट दाखवतं. पण ते वाक्य जयवंताच्या आत जाऊन बसलं. मारबतीने रोग जात नाही हे तिला कळत होतं. थप्पड मात्र खरी होती, तिचं काय करायचं?

सुतक फिटल्यावर तिने पहिल्यांदा डोक्यावरून पाणी घेतलं. केस खांद्यावरून पुढे ओढले आणि हात थांबला. शेंडे सरळ नव्हते. उजवीकडून तिरपे उतरत डावीकडे बोटभर खाली गेले होते. जड कात्री लहान हाताला पेलली नव्हती. जयवंता ओल्या अंगाने मोरीत बसून राहिली. पोरीचा फ्रॉक तिच्यासोबत गेला होता, पाटी सासूने कुणाला तरी देऊन टाकली होती. पोरीच्या हातचं या घरात एवढंच राहिलं होतं, आणि ते तिच्या स्वतःच्या पाठीवर होतं.

तेव्हापासून ती त्या शेंड्यांना जपू लागली. विंचरताना खालून हळूहळू गुंता काढायची. झोपताना वेणी उशाशी वर घ्यायची. गाठ बांधायची तर डावीकडचे लांब केस सुटे ठेवायची. केस वाढत होते, वरून नवे येत होते, आणि ती तिरपी कड पाठीवरून खाली खाली सरकत होती. पण पातळच केस ते. वर्षभरात शेंडे फाटू लागले, दुसऱ्या वर्षी तुटू लागले. फणीत आखूड तुकडा दिसला की ती तो उचलून घ्यायची. तो वरचा की खालचा, हे ती उजेडात धरून बघायची.

शेजारणी म्हणायच्या, "अवं, शेंडे छाट, नाईतं वेणी हाये तशीच राहीन." जयवंता मान हलवायची आणि रहाट फिरवायची. खरं काय ते तिने कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. थप्पड मारलेल्या आईने कोणत्या तोंडाने सांगावं?

एका दिवाळीला भागीरथा तिच्या डोक्याला तेल लावायला बसली. म्हातारीला माया आली होती. "लय विरले वं शेंडे, बरोबर करून देतो," म्हणत तिने सहज कात्रीला हात घातला. जयवंता अशी किंचाळली की पुढच्या खोलीतला माग बंद पडला. बाबनराव खड्ड्यातून उठून दारात आला. त्याने बायकोकडे पाहिलं, तिने छातीशी धरलेल्या केसांकडे पाहिलं.

"राहू दे, माय," तो एवढंच म्हणाला. पुन्हा जाऊन खड्ड्यात बसला, आणि बऱ्याच वेळाने धोट्याचा आवाज सुरू झाला. हा माणूस दिवसाला दहा वाक्यंही बोलत नसे. तेव्हा त्याच्या मनात काय आहे, हे जयवंताने कधी विचारलं नाही.

बहात्तरच्या संक्रांतीनंतर घरी कुसुमताई आल्या. शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायच्या. त्यांची बदली सावनेरला झाली होती आणि जाण्याआधी आईसाठी एक लुगडं घ्यायचं होतं. बाबनराव सूत आणायला बाहेर गेला होता. जयवंता लुगडी काढायला फडताळाकडे वळली, तेव्हा बाईंचं लक्ष तिच्या वेणीकडे गेलं.

"तुम्ही उत्तराच्या आई ना?" बाईंनी विचारलं.

साडेतीन वर्षांत कुणी तिला त्या नावाने हाक मारली नव्हती. जयवंताने नुसती मान डोलावली.

"मधल्या सुट्टीत माझ्या वेणीशी खेळायची ती," बाई म्हणाल्या. "मला विचारायची, बाई, तुमची वेणी खालपर्यंत जाड कशी? माझ्या मायची तर खाली दिसतच नाही. मी सांगितलं, दर तीन महिन्यांनी दोन बोटं शेंडे कापायचे, म्हणजे तुटत नाहीत. तर म्हणाली, माय कापू देनार नाई. मग जरा विचार केला आणि म्हणाली, मीच कापत जाईन."

जयवंताच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

"मी म्हटलं, अगं, आई रागावेल. तर काय म्हणाली माहीत आहे?" बाई हसायला गेल्या, पण त्यांना हसू आलं नाही. "म्हणाली, पहिल्या खेपेले मारन मले. केस वाढलेले दिसले का दुसऱ्या खेपेले नाई मारनार."

"मारलं मी तिले," जयवंता म्हणाली. "पहिल्या खेपेले मारलं, बाई."

कुसुमताईंनी तिचा हात धरला. लुगडं घ्यायचं राहून गेलं.

म्हणजे पोरगी थप्पड धरून चालली होती. मार खायची तयारी ठेवूनच तिने कात्री उचलली होती, आणि दुसऱ्या खेपेची वाट बघत होती. ती खेप तिच्या मायनेच साडेतीन वर्षं अडवून धरली होती. शेंडे राखावेत तर पोरीचं म्हणणं मोडतं, कापावेत तर पोरीचा हात जातो. जयवंता दुपारभर रहाटापुढे बसून राहिली, पण एक कांडी भरली नाही.

मग उठली, शिकेकाईने न्हाली, केस उन्हात वाळवले. बाबनराव परत येऊन मागावर बसला होता. ती खड्ड्याच्या काठावर त्याच्याकडे पाठ करून बसली आणि कात्री मागे धरली.

"शेंडे कापा," ती म्हणाली.

"किती?"

"दोन बोटं."

माग थांबला. बाबनरावाने कात्री घेतली. दोन लुगड्यांमधलं सूत कापताना ज्याचा हात केसभर हलायचा नाही असा हा माणूस, आज कितीतरी वेळ नुसते केस हातात धरून बसला. मग कच्‌ असा आवाज आला. पुन्हा एकदा आला. जयवंता हलली नाही. संपलं, असं तिने मनात म्हटलं. पोरीच्या हातचं होतं नव्हतं ते गेलं.

बाबनरावाने कापलेली बट तिच्या ओंजळीत ठेवली. जयवंताने दुसऱ्या हाताने केस खांद्यावरून पुढे घेतले. बोटं शेंड्यांवरून उजवीकडून डावीकडे सरकत गेली, आणि खाली उतरली.

"अवो, हे तं तिरपं कापलं तुमी," ती म्हणाली.

"तिरपंच होतं वं," बाबनराव म्हणाला. "पोरीनं कापलं तवापासून तिरपंच हाये."

साडेतीन वर्षं तो मागावर बसून मधल्या दारातून तिची पाठ पाहत होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं. जयवंता वळली, तर त्याचे डोळे भरून वाहत होते. नवऱ्याला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं, पोरीला नेलं त्या दिवशीही नाही.

तिने ओंजळीतल्या बटेवर मूठ मिटली आणि मूठ गालाशी धरली, ज्या बाजूला पोरीला थप्पड बसली होती त्याच गालाशी.

"उत्तरे," ती म्हणाली, "या खेपेले नाई मारलं वं मी."