मडावीबाईंसाठी सुट्टी नाही

मडावीबाई काल गेल्या. आज आमच्या घरची शाळा भरली.

पट दोन. तन्वी, वय सात. ओम, वय चार. जागा: मूल गावातली आमच्या घराची पडवी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही मुलांना घरीच शिकवतो, वॉल्डॉर्फ पद्धतीनं. सात वर्षांपर्यंत अक्षर नाही. गोष्टी, हातकाम, ऋतू.

तीन वर्षांपूर्वी माझ्यासमोर तीन परदेशी अभ्यासक्रमांचे प्रिंटआउट पडले होते आणि एकही निवडता येत नव्हता.
नवरा माजरीच्या खाणीत ड्युटीला. तो म्हणायचा, पोरगी मागं पडली तर?
शेवटी ठरलं. सातव्या वर्षी अक्षरं जमली नाहीत, तर सरळ शाळेत घालायचं.

त्यात मी भर मे महिन्यात मेणाचे क्रेयॉन मागवले.
पार्सल उघडलं तर आत सगळ्या रंगांचा मिळून एकच गोळा.

तो बघायला समोरच्या मडावीबाई आल्या. आलापल्लीकडच्या जंगलातल्या शाळेतून रिटायर झालेल्या.
गोळा हातात फिरवून म्हणाल्या, "फेकू नको बापा. विळ्यानं काप."

मग प्रिंटआउट मागून घेतले आणि लाल पेन काढलं.
बर्फाची गाणी गेली. लोकरीच्या बाहुल्या गेल्या. सफरचंदाची बाग गेली.
ऑक्टोबरच्या पानगळीपाशी मात्र पेन थांबलं.

"ऑक्टोबरमंधी पानं कुठी पडून राह्यले इथी? तवा धान पिकते. सागाची पानं फागुनात पडते."

दोन अभ्यासक्रम पूर्ण बाद. तिसऱ्याची अकरा पानं उरली.
मी म्हटलं, बाई, एवढंच?

"बाकीचं बाहेर हाये."

सात वर्षांपर्यंत अक्षर नाही, हे त्यांना सांगायची मला भीती वाटत होती. जन्मभर अक्षरं शिकवलेली बाई.
सांगितलं.

"माह्या पहिलीत पोरं गोंडी बोलत यायचे. मी बी घरी गोंडीच बोलो. अन् शाळेत पहिल्याच दिवशी त्यायच्यापुढं मराठी अक्षरं मांडो. लय पोरं परत आलेच नाई. आधी वर्षभर नुसत्या गोष्टी सांगतल्या असत्या, तं बसले असते."

पेनाला टोपण लावलं.
"हिचं पहिलं अक्षर मी शिकवीन."

दिवस ठरला होता. आजचा सोमवार.

मागच्या वर्षी त्यांच्या जुन्या सहकारी गुरुजींना माती देऊन बाई चिडूनच परतल्या. गुरुजी गेले म्हणून शाळेला सुट्टी दिली होती.
"मास्तर मेला का पोरायले सुट्टी. मी मेली तं देऊ नको."

काल त्यांच्या गावी माती देऊन आलो. सकाळी नवऱ्यानं हळूच विचारलं, आज राहू द्यायचं का?
मी म्हटलं, नाही.

पहिला धडा बाईंनीच सांगून ठेवलेला. अक्षराआधी उभी रेघ.
तन्वीनं त्या गोळ्याचा उरलेला शेवटचा तुकडा घेतला. रेघ वर लाल उमटली, खाली हिरवी.
ती बघत राहिली.
"बाई सरळ काढायच्या. माझी वाकडी झाली."

"पुन्हा काढ."

तिनं पुन्हा काढली.

बाई, शाळा वेळेवर भरली आणि वेळेवर सुटली. उद्या गोलाई घेऊ, परवा अक्षर.
तुम्हाला आमच्या दोन मुलांच्या अख्ख्या शाळेचा शेवटचा नमस्कार.