दर गुरुवारी सत्तर

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर कपाटाच्या सर्वात खालच्या फळीवर ठेवल्या. लायब्ररियन होतो, तेवढा अधिकार होता. आजही त्या पटत नाहीत... म्हणूनच हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय.

१९८३ साल, नागपूर. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात माझ्या छातीत पेसमेकर बसवला. शेजारच्या कॉटवर उमरेडचे विणकर शंकरराव. त्यांचं हृदय पार थकलेलं, पाय सुजलेले. त्यांनाही तेच मशीन. भिंतीवर उद्घाटक मंत्र्यांचा फोटो होता, गणपतीच्या दुप्पट. डॉक्टर म्हणाले, "रोज मिनिटभर नाडी मोजा. मशीन चालू आहे तोवर सत्तरच्या खाली जाणार नाही."

पुढे शंकरराव दर गुरुवारी एसटीने तपासणीला येत आणि तिथून माझ्या घरी. स्वतःची नाडी मोजताना आकडा चुकतो, म्हणून आम्ही एकमेकांची मोजायचो. त्यांची अठ्ठ्याहत्तर भरे. माझी मोजून ते म्हणत, "सत्तर, भाऊ. पक्के." येताना धापा टाकत, जाताना शीळ घालत. मला मात्र गुरुवारी हमखास चक्कर — मी ती बायकोच्या पोह्यांवर ढकलत असे.

एका गुरुवारी बायकोने गंमत म्हणून माझं दुसरं मनगट धरलं.

"सत्तर," शंकरराव म्हणाले.

"एकसष्ट," बायको म्हणाली.

शंकररावांना बाहेर अंगणात बसवून तिने पुन्हा मोजली — सत्तर. जवळ बसवलं — बासष्ट.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पयल्या गुरुवारपासून. तुमचे ठोके कमी होते, माहे वाढते."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं बसू दिलं असतं का? तुम्हाले नुसती चक्कर येते, भाऊ. मी तं घरचा ओटा चढू शकत नव्हतो."

पुन्हा येऊ नका, एवढंच मी म्हणालो. दारही मीच उघडलं.

डॉक्टरांनी दोघांचीही मशीनं तपासली. दोन्ही ठणठणीत. एकाचं दुसऱ्यावर असं काही होणं शक्यच नाही, म्हणाले. महिन्याभरात उमरेडहून पोस्टकार्ड आलं, शंकरराव गेल्याचं. माझी नाडी त्या दिवशी सत्तर होती, अजूनही असते. कारण कुणालाच सांगता आलेलं नाही.

माझा हात हातात धरून तो माणूस इतके गुरुवार खोटं बोलला, याचा राग जात नाही. बायको कधीतरी विचारते — बसू दिलं असतं का?