चढावरची वाफ

जपानमधल्या कावासाकी शहराच्या त्या गल्लीत स्नेहलताबाईंना अकरा वर्षं झाली, पण गल्लीने त्यांच्यावर एकच काम सोपवलं होतं. सोमवारी आणि गुरुवारी पहाटे कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी पसरायची, कावळ्यांनी त्या फोडू नयेत म्हणून. बाकीच्या दिवशी सकाळी त्या ओकादा-सानच्या सेन्तोत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, गल्ल्यावर बसत. बावन्नाव्या वर्षी मिळालेली ही त्यांची पहिली नोकरी.

जानेवारीत सेन्तोसमोरच्या गटाराच्या झाकणातून भकाभका वाफ येऊ लागली. गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष मोरिता-सान यांनी बैठकीत निदान करून टाकलं: सेन्तोचा गरम पाण्याचा नळ जमिनीखाली फुटला आहे, रस्ता खचण्याआधी सकाळची आंघोळ बंद करावी. पंच्याहत्तरीच्या ओकादा-सान मान खाली घालून ऐकत राहिल्या. सकाळची पाळी गेली, की स्नेहलताबाईंची नोकरीही जाणार होती.

"गुरुवारी सेन्तो बंद असतं, तरी वाफ येतेच," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या. "जाळी घालताना मी बघते ना."

"तुला जाळी पसरायला सांगितलंय," जयप्रकाशराव चहा गाळत म्हणाले. "तपास करायला नाही."

"अहो, मग करणार कोण? त्यांनी तर निकालच लावलाय."

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेसहाला त्यांनी मोरिता-सान आणि ओकादा-सान दोघांनाही रस्त्यावर बोलावलं. सेन्तो बंद होतं. वाफ येतच होती.

"काल रात्रीचं पाणी झिरपत असेल," मोरिता-सान म्हणाले.

हे उत्तर येणार, याची स्नेहलताबाईंना कल्पना होतीच. त्या दोघांना घेऊन चढावर निघाल्या. सेन्तोच्या वरच्या अंगाला, देवळापाशी, आणखी एक झाकण होतं. त्यातूनही तशीच दाट वाफ निघत होती.

"मोरिता-सान, सेन्तोचं पाणी चढ चढून इथवर येतं का?"

मोरिता-सान वाकून झाकणाकडे बघू लागले.

"घरोघरचं आंघोळीचं, भांड्यांचं पाणी खालून वाहतं," स्नेहलताबाई म्हणाल्या. " जमिनीच्या पोटात ऊब टिकते. वर हवा दोन अंशांवर आली, की ती ऊब दिसायला लागते. आमच्या ओतूरला थंडीत पहाटे विहिरीवर अशीच वाफ धरायची. तिथे कुणाचा नळ फुटलेला नसायचा."

मोरिता-सान यांनी हातमोजा काढून तळवा वाफेत धरला. बराच वेळ धरला. मग वळून ओकादा-सानपुढे कमरेत वाकले. "माझी चूक झाली. सकाळची आंघोळ चालू ठेवा."

ओकादा-सान यांनी स्नेहलताबाईंची बाही घट्ट धरली होती, ती उतार संपेपर्यंत सोडली नाही.

शुक्रवारी सहाला सेन्तोच्या दारात नऊ माणसं उभी होती, सगळ्यात पुढे खांद्यावर टॉवेल टाकून मोरिता-सान.

"पाणी गरम आहे ना?"

"आत जाऊन बघा," स्नेहलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार सताड उघडलं.